मानवी जीनोम आणि आपले पूर्वज

गेल्या काही वर्षांत आपल्या तरुण मंडळींत एक नवी हौस आली आहे. परदेशातील कंपनीकडून एक नळी मागवायची, तीत थुंकी भरून परत पाठवायची आणि काही आठवड्यांनी उत्तर वाचायचे: इतके टक्के दक्षिण आशिया, इतके टक्के मध्यपूर्व. ते आकडे घेऊन नातवंडे आजीकडे येतात आणि विचारतात, "सावता, म्हणजे आपण नक्की कोण?" ज्यांनी १९६२ ते १९६४ चा काळ पाहिला, त्यांना हा प्रश्न ऐकला की पोटात कालवते. तेव्हाही प्रश्न हाच होता, फक्त विचारणारे परके होते.

हे आकडे कुठून येतात, त्यांचा अर्थ किती आणि त्यांना मर्यादा कोणती, हे समजून घेतल्याशिवाय नातवंडांना उत्तर देता येणार नाही. त्यासाठी थोडे मागे, म्हणजे अगदी मानवाच्या जन्मापर्यंत जावे लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा. आपल्या समाजाकडे आपण येणारच आहोत.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक रेणू असतो. त्यावर चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. या अक्षरांना ए, सी, जी आणि टी म्हणतात. या सगळ्या मजकुराला मिळून जीनोम म्हणायचे. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत. आपल्या सेफेर तोरामध्ये परंपरेने ३,०४,८०५ अक्षरे मोजली जातात. त्या हिशेबाने एका पेशीत दहा हजार सेफेर तोरांइतका मजकूर मावतो. या मजकुराचा पहिला मसुदा २००१ साली प्रसिद्ध झाला आणि प्रकल्प २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तरी वाचायला अवघड असे काही भाग राहून गेले होते. ते वाचून संपायला २०२२ साल उजाडले.

सोफेर नवा सेफेर तोरा लिहितो तेव्हा एक अक्षर जरी चुकले तरी तो पासूल ठरतो. निसर्गाचा सोफेर इतका कडक नाही. आईबापांकडून मुलाकडे मजकूर उतरताना दर पिढीत साधारण ६० ते ७० नव्या चुका होतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण एकदा झालेली चूक पुढच्या पिढीकडे तशीच जाते. उत्क्रांतीचा सगळा शोध या एका गोष्टीवर उभा आहे. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक काय करतात ते आठवा. दोन पोथ्यांत एकाच ओळीत एकच चूक दिसली, तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरवलेल्या आहेत असे ते म्हणतात. जीनोमचे अभ्यासकही असेच करतात.

एक उदाहरण घेऊ. कुत्रा, मांजर, गाय यांचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. आपल्याला मात्र ते लिंबू, पेरू, आवळ्यातून घ्यावे लागते. ते तयार करणारे जनुक आपल्यातही आहे, पण ते मोडके आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि माकडांतही ते मोडलेले आहे, आणि त्यात आपल्यासारख्याच खुणा सापडतात. गिनीपिगमध्येही हे जनुक बंद पडले आहे, पण ते वेगळ्या तऱ्हेने. म्हणजे गिनीपिगची चूक त्याची स्वतःची, आणि आपली व माकडांची चूक एकाच पूर्वजाकडून आलेली. दुसरा पुरावा गुणसूत्रांचा आहे. चिंपांझीला ४८ गुणसूत्रे असतात, माणसाला ४६. मग दोन गेली कुठे? ती गेली नाहीत, चिकटली. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक लागून झालेले जोडकाम आहे. गुणसूत्राच्या टोकाशी एक ठरावीक मजकूर असतो. तो या गुणसूत्राच्या मधोमध सापडला, तेव्हा हा सांधा नक्की कळला. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असे आज मानतात.

इथे काही वाचक विचारतील, मग बेरेशीतचे काय? या वादात आम्ही फार शिरत नाही. एवढेच सांगतो की या देशाचे पहिले मुख्य अश्केनाझी रब्बी अब्राहम इत्झाक कूक यांना उत्क्रांतीचा विचार तोरेच्या विरुद्ध वाटला नव्हता. आणि त्यांच्या कितीतरी आधी रामबाम यांनी लिहून ठेवले की एखादी गोष्ट पुराव्याने सिद्ध झाली, तर पसूकाचा अर्थ त्याप्रमाणे लावण्याची दारे बंद नाहीत.

आता आईच्या वाटेकडे वळू. पेशीत मुख्य डीएनएशिवाय मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणांत थोडासा वेगळा डीएनए असतो. तो फक्त आईकडून येतो. मुलगा असो की मुलगी, दोघांना आईचाच मिळतो आणि पुढे फक्त मुलगी तो देऊ शकते. १९८७ साली तीन शास्त्रज्ञांनी जगातल्या निरनिराळ्या भागांतील लोकांचा हा डीएनए तपासला. सगळ्या वाटा मागे जाऊन आफ्रिकेतील एका स्त्रीपाशी मिळतात, आणि ती सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी होऊन गेली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वर्तमानपत्रांनी लगेच तिचे नाव हव्वा ठेवले. त्या नावाने फार गैरसमज झाला. ती त्या काळची एकटी स्त्री नव्हती. तिच्याबरोबर हजारो बायका होत्या आणि त्यांचेही रक्त आपल्यात आहे. पण त्यांच्या लेकींच्या लेकींची साखळी कुठे ना कुठे तुटली. एखाद्या बाईला चार मुलगेच झाले, तर तिचे वंशज पुष्कळ असतात, पण तिचा मायटोकॉन्ड्रिया तिथेच संपतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे आपल्या समाजाच्या बाबतीत तो फार उपयोगी पडणार आहे.

आफ्रिकेतून बाहेर पडण्याचा रस्ता आपण राहतो त्या भूमीवरून जातो. हैफाच्या दक्षिणेस, कार्मेलच्या उतारावर नाहाल मेआरोतच्या गुहा आहेत. शाळेच्या सहलीला मुले जातात त्याच. तिथल्या स्खूल गुहेत आणि नाझरेथजवळच्या काफ्झे गुहेत आपल्यासारख्याच माणसांची सुमारे एक लाख वर्षांपूर्वीची दफने सापडली. कार्मेलवरच्याच मिस्लिया गुहेत सापडलेला जबड्याचा तुकडा तर १,७७,००० ते १,९४,००० वर्षांपूर्वीचा ठरला. पण त्या पहिल्या प्रवाशांचा वंश फारसा टिकला नाही. याच डोंगरांत निअँडरथल नावाची माणसांची दुसरी जातही राहत होती. केबारा गुहेत १९८३ साली सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचा निअँडरथलचा सांगाडा मिळाला. त्याचे नाव इथल्या लोकांनी काय ठेवावे? मोशे! पश्चिम गलीलमधील मानोत गुहेत मिळालेली कवटी मात्र आपल्या जातीच्या माणसाची आहे आणि ती सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे दोन्ही जातींची माणसे साधारण एकाच सुमारास, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर वावरत होती.

ती फक्त शेजारी होती का? हे हाडांनी सांगितले नाही, जीनोमने सांगितले. इथल्या उष्ण हवेत इतका जुना डीएनए टिकत नाही. थंड युरोपातल्या, क्रोएशियातील एका गुहेतल्या हाडांतून तो मिळाला, आणि २०१० साली स्वान्ते पाबो यांच्या गटाने निअँडरथलचा जीनोम प्रसिद्ध केला. त्या कामासाठी त्यांना २०२२ साली नोबेल मिळाले. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक समाजातील माणसाच्या जीनोममध्ये १ ते २ टक्के मजकूर निअँडरथलकडून आलेला आहे. चिनी असो, पोलंडचा अश्केनाझी असो की रोह्याचा रोहेकर, वाटा जवळपास तेवढाच. याचा अर्थ हा संबंध आपले पूर्वज जगभर पांगण्याआधी आला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा काळ सुमारे ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीचा धरला आहे. जागा बहुधा पश्चिम आशियातलीच. हा वारसा नुसता शोभेचा नाही. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलकडून आला आहे, हे २०२० साली दिसून आले. दक्षिण आशियातील जवळजवळ निम्मे लोक तो घेऊन हिंडतात, युरोपात सुमारे १६ टक्के.

आता जरा नाजूक विषय. कातडीचा रंग.

चिंपांझीच्या केसांखालची कातडी फिकट असते. आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे केस गेले आणि आफ्रिकेचे ऊन थेट कातडीवर पडू लागले, तेव्हा काळा रंग हे संरक्षण झाले. कडक उन्हात शरीरातील फोलेट नष्ट होते आणि गर्भाच्या वाढीला ते आवश्यक असते. उत्तरेला, जिथे ऊन कमी, तिथे ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी फिकट कातडी सोयीची ठरली. या रंगात मोठा वाटा असलेले एक जनुक २००५ साली सापडले, तेही एका लहानशा पट्टेरी माशाच्या अभ्यासातून. त्या जनुकातील एकाच अक्षराच्या फरकाने रंग बराच उजळतो. युरोपात जवळजवळ सगळ्यांकडे हा बदल आहे. भारतातही तो पुष्कळांकडे आहे. २०१३ साली दिसले की भारतीयांचा आणि युरोपियनांचा हा बदल दोनदा झालेला नाही. तो एकाच पूर्वजाकडून दोघांकडे आला आहे. दुसऱ्या बाजूने, स्पेनमध्ये सुमारे सात हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या एका माणसाचा जीनोम वाचला, तर त्याचे डोळे निळे आणि कातडी सावळी असावी असे निघाले. गोरा युरोप ही इतकी अलीकडची गोष्ट आहे.

हे इतके सविस्तर सांगायचे कारण आपल्याच घरात आहे. कोकणात आपल्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. नावे रंगाची, पण भेद वंशाचा. ज्यांचे पूर्वज दोन्ही बाजूंनी बेने इस्रायल ते गोरे, आणि ज्यांच्या वंशात कुठे तरी समाजाबाहेरची बाई आली असे मानले जाई ते काळे. एकमेकांत बेटीव्यवहार नव्हता, भांडीकुंडीही वेगळी ठेवली जात. आलियानंतर हे मागे पडले आणि आज इथे जन्मलेल्या मुलांना हे शब्दही माहीत नाहीत. पण ज्येष्ठांना माहीत आहेत, आणि सोयरीक ठरताना दबक्या आवाजात विचारणा झाल्याचे आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. याविषयी जीनोम काय म्हणतो, हे आता पाहू.

२०१६ साली इस्रायल व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी आपल्या समाजातील १८ जणांच्या जीनोमची तुलना इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समाजांतील ४८६ जणांशी केली. निष्कर्ष सरळ होता. आपल्यात ज्यू वंशाचा वाटा मोठा आहे आणि भारतीय वंशाचाही वाटा मोठा आहे. ज्यू वाटा मध्यपूर्वेतील ज्यूंशी जुळतो. भोवतालच्या कोकणी शेजाऱ्यांत तो तसा दिसत नाही. म्हणजे आपण ज्यू म्हणवून घेणारे केवळ स्थानिक लोक आहोत, हे काहींचे म्हणणे टिकत नाही. तसेच आपण दोन हजार वर्षे कुणाशीही न मिसळता राहिलो, हेही टिकत नाही.

हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे गेल्या हजारएक वर्षांत झाले असा त्यांचा हिशेब आहे. तो कसा काढतात? दोन समाजांतील आईबापांच्या मुलाला दोन्हीकडचे डीएनएचे लांबच लांब तुकडे मिळतात. पुढे दर पिढीत पत्ते पिसावेत तसे ते कापले आणि मिसळले जातात, आणि तुकडे लहान होत जातात. तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजता येतात. पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा आकडा मिसळण्याचा काळ सांगतो, येण्याचा नाही. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज केव्हा फुटले, याचे उत्तर या पद्धतीत मिळत नाही. किनाऱ्यावर आलेले लोक आधी कित्येक शतके आपापसांतच लग्ने करत राहिले असतील, किंवा आल्याबरोबर मिसळले असतील. दोन्ही शक्य आहे.

याच अभ्यासात असेही दिसले की ज्यू वाटा अधिक करून पुरुषांकडून आणि भारतीय वाटा अधिक करून स्त्रियांकडून आला आहे. मायटोकॉन्ड्रियाचा अभ्यास २००८ साली झाला होता, त्याचेही म्हणणे तसेच. आपल्या आयांच्या बहुतेक वाटा भारतातल्या आहेत आणि त्या मोजक्याच स्त्रियांपाशी जाऊन थांबतात. हे वाचून काहींना वाईट वाटते. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, मग त्या सात स्त्रिया कुठे गेल्या? इथे वर सांगितलेला मुद्दा आठवा. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईच्या आईच्या आईची वाट दाखवतो. दहा पिढ्या मागे आपल्याला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात, त्यांपैकी तो एकच दाखवतो. त्या सात जणींपैकी कुणाला नुसते मुलगे झाले, कुणाची नात बिनामुलीची राहिली, की ती वाट पुसली जाते. लहान समाजात हे फार लवकर घडते. त्यामुळे या अभ्यासाने सात जणींची कथा सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. एवढे मात्र म्हणता येते की कोकणातल्या काही बायका आपल्या घरांत आल्या, त्यांनी शब्बाथ पाळायला शिकून घेतले, आणि त्यांच्या लेकींनी तो पुढे चालवला.

आणि त्या फक्त काही घरांतच आल्या असे नाही. वीस पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा दहा लाखांवर जातात. कोकणातल्या आपल्या वस्त्या मिळून तेवढी माणसे कधीच नव्हती. म्हणजे तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येतात, आणि जे एकाचे पूर्वज तेच सगळ्यांचे. वीस-तीस पिढ्यांपूर्वी झालेले मिश्रण एका घरापुरते अडवून ठेवणे या हिशेबात बसत नाही. गोऱ्यांचा शुद्ध वंशाचा दावा इथे संपतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपणच तेवढे मिश्र आहोत असेही कुणी समजू नये. अश्केनाझींच्या जीनोममध्ये मध्यपूर्व आणि युरोप दोन्ही आहेत. भारतातील जवळजवळ प्रत्येक समाज प्राचीन काळी वेगवेगळ्या असलेल्या लोकांच्या मिश्रणातून झाला आहे. ते मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी चालू होते आणि मग जातीबाहेरची लग्ने थांबत गेली, असे २०१३ सालच्या अभ्यासात दिसले. आपल्या अलिबाग-पेणच्या शेजाऱ्यांचा इतिहास यापेक्षा निराळा नाही.

मग पुन्हा नातवंडांचा प्रश्न. आपण ज्यू आहोत की नाही, हे नळीतील थुंकी ठरवू शकत नाही. हलाखाने विचारलेली गोष्ट वेगळी आहे. आई ज्यू आहे का, किंवा रीतसर गियूर झाले आहे का, एवढेच ती विचारते. जीनोममध्ये मिकव्याची नोंद होत नाही. १९६२ साली लग्नाआधी आजी-पणजीपर्यंत चौकशी करण्याचा आदेश निघाला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपण सर्व बाबतीत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहोत असे जाहीर केले. त्यासाठी कुणी डीएनएचा पुरावा दिला नव्हता, आणि आता तो दाखवून जुना निकाल पुन्हा पक्का करण्याचीही गरज नाही. म्हणूनच २०१६ चा अभ्यास आला तेव्हा "पाहा, आम्ही ज्यू असल्याचे सिद्ध झाले" असे काही जणांनी आनंदाने म्हटले, ते आम्हाला रुचले नाही. उद्या एखादा अभ्यास उलट आला तर काय करणार?

या संशोधनाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. पिढ्यानपिढ्या आपापसांत लग्ने झाल्यामुळे आपल्या समाजातील माणसांच्या डीएनएचे तुकडे एकमेकांशी पुष्कळ जुळतात, हेही याच अभ्यासात दिसले. अशा समाजात एखाद्या जुन्या पूर्वजाची एखादी चूक दोन्ही आईबापांकडून मुलाकडे येण्याचा संभव अधिक असतो. अश्केनाझींमध्ये ताय-झॅक्स हा रोग असाच पसरला होता. लग्नाआधी किंवा गरोदरपणाआधी वाहक तपासणी करण्याची पद्धत रूढ झाल्यावर तो फारच कमी झाला. आपल्या तरुण जोडप्यांनीही ही तपासणी करून घ्यावी. तपासणीच्या वेळी आईचे आणि वडिलांचे दोन्हीकडचे मूळ सांगावे. नुसते "होदू" असे सांगू नये. बेने इस्रायल, कोचीनचे आणि बगदादी यांचे वंश निराळे आहेत, आणि कुठल्या चुका शोधायच्या हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.